तीन सख्खे भाऊ, तीन वेगळी आडनावं : एका अर्मेनियन घराचा शोध (प्रकरण अभ्यास)

प्रकरण थोडक्यात

लॉस एंजेलिसला लागून ग्लेंडेल म्हणून शहर आहे, अर्मेनियन लोकांची तिथे खूप मोठी वस्ती आहे. तिथल्या एका बाईंना आपल्या आजोबांचे दोन भाऊ, म्हणजे आता त्यांची मुलं-नातवंडं, शोधायची होती. तिघे भाऊ सख्खे, एकाच आईचे, एकाच गावचे, १९१५ च्या संहारात (ऑटोमन म्हणजे तुर्की राज्यात अर्मेनियन लोकांची कत्तल आणि हद्दपारी झाली त्यात) ताटातूट झालेले. आणि पुढे कळलं ते असं की तिघांची आडनावं तीन वेगळी होती, ओहानियान, गराबेदियान आणि देमिर्जियान.

मी लोकांच्या वंशावळी लावायला मदत करतो आणि या शोधात सुरुवातीपासून होतो. बाईंची परवानगी घेऊनच लिहितोय, इथे त्यांना अनुशबाई म्हणू. गाव, काही वर्षं, घरगुती तपशील बदललेत म्हणजे कोणी ओळखू नये, पण नावं ज्या प्रकारची होती त्याच प्रकारची ठेवलीत कारण सगळं प्रकरणच नावांचं आहे.

पार्श्वभूमी : अर्मेनियन आडनाव बनतं कसं

हे आधी समजून घ्यायला हवं, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही.

बहुतेक अर्मेनियन आडनावांच्या शेवटी "यान" असतं. त्याचा अर्थ साधा, "अमक्याचा", "अमक्याच्या घरातला". पेत्रोसच्या घरातला तो पेत्रोस्यान, ग्रिगोरच्या घरातला तो ग्रिगोर्यान. बुद्धिबळ बघणाऱ्यांना टिग्रान पेट्रोसियान आणि लेवोन अरोनियान माहिती असतील, फुटबॉलवाल्यांना मखितारियान. सगळ्यांत कुणातरी पूर्वजाचं नाव बसलेलं आहे. आणि ती मूळची नावं बघाल तर निम्मी चर्चमधून आलेली. हारुत्युन म्हणजे पुनरुत्थान, म्कर्तिच म्हणजे बाप्तिस्मा देणारा, कारापेत म्हणजे पुढे येऊन वाट तयार करणारा (हे पण बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचंच नाव), खाचातुर म्हणजे क्रूसाने दिलेला, हाम्बार्त्सुम म्हणजे स्वर्गारोहण, अवेतिस म्हणजे शुभवार्ता. या प्रत्येकाला "यान" लावा, आडनाव तयार.

आता यातली गोची अशी की ऑटोमन राज्यात गावाकडच्या साध्या माणसाचं आडनाव पक्कं ठरलेलंच असायचं असं नाही. कधी बापाचं नाव लावायचे, कधी आजोबांचं, कधी धंद्याचं. धंद्याची नावं बरीच तुर्की किंवा अरबी शब्दांवरून, देमिर्जियान लोहाराचा, तेर्झियान शिंप्याचा, नज्जारियान सुताराचा. घरात धर्मगुरू असेल तर पुढे "तेर" किंवा "देर" लागायचं, अर्मेनियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष लेवोन तेर-पेत्रोस्यान यांच्या आडनावात ते दिसतं. म्हणजे एकाच घराला बाहेरचे लोक तीन-चार आडनावांनी ओळखू शकत होते आणि गावात राहताना त्याचं काही अडत नव्हतं, कारण गावात सगळ्यांना सगळे माहिती.

अडलं ते १९१५ नंतर, गावच राहिलं नाही तेव्हा.

हे कुटुंब खारबेर्द भागातलं, आताच्या तुर्कस्तानात एलाझिगजवळ. वडील होव्हान्नेस गावातल्या बाकी पुरुषांबरोबर नेले गेले, परत आले नाहीत. आई येघसापेत मुलांना घेऊन हद्दपारीच्या वाटेवर निघाली आणि वाटेतच गेली. तीन मुलगे उरले. थोरला क्रिकोर, मधला हारुत्युन ज्याला घरी आर्तिन म्हणायचे, आणि धाकटा बेद्रोस. थोरल्याला एका नातेवाईकाने नेलं. मधला कसाबसा सीरियातल्या अलेप्पोला पोचला, तिथे एका अर्मेनियन चांभाराने त्याला ठेवून घेतलं. धाकटा खारबेर्दच्याच अनाथाश्रमात राहिला आणि १९२२ मध्ये अमेरिकन मदतसंस्थेने अनातोलियातली हजारो अनाथ मुलं सीरिया-लेबनॉनकडे हलवली त्या तांड्यातून तो लेबनॉनला आला. अनुशबाई या बेद्रोसची नात. बेद्रोस पुढे बैरूतजवळच्या बुर्ज हम्मूदमध्ये बूट शिवायचं काम करत राहिले, १९७५ ला लेबनॉनचं यादवी युद्ध सुरू झाल्यावर त्यांचा मुलगा, म्हणजे अनुशबाईंचे वडील, बायको-मुलांसह अमेरिकेला गेला.

अडचण काय होती

आजोबा भावांबद्दल फार बोलायचे नाहीत, बोलले तर नुसती नावं, "आर्तिन असता तर" किंवा "क्रिकोर मला खांद्यावर घ्यायचा" एवढंच. आडनावाचा प्रश्न कोणाच्या डोक्यातच आला नाही, आपण ओहानियान म्हणजे ते पण ओहानियान असणार, सख्खे भाऊ ना. त्यामुळे अनुशबाई कित्येक वर्षं हारुत्युन ओहानियान आणि क्रिकोर ओहानियान शोधत होत्या, जहाजांच्या याद्या, चर्चची रजिस्टरं, थडग्यांचे फोटो, सगळीकडे. जे सापडायचे ते दुसऱ्याच घरातले निघायचे.

दुसरी अडचण लिपीची आणि उच्चाराची. अर्मेनियन भाषेचे दोन मोठे प्रकार आहेत, पूर्वेकडची (आजचा अर्मेनिया, इराण) आणि पश्चिमेकडची (जुन्या ऑटोमन भागातली, म्हणून आता लेबनॉन, फ्रान्स, अमेरिकेतली). अक्षरं तीच पण काही व्यंजनांचे उच्चार दोन्हीकडे अदलाबदल होतात, प चा ब, क चा ग, त चा द आणि उलटही. त्यामुळे पूर्वेकडचा पेत्रोस पश्चिमेकडे बेद्रोस, कारापेत चा गराबेद, ग्रिगोर चा क्रिकोर, तिग्रान चा दिक्रान, हाकोब चा हागोप, पोघोस चा बोघोस, गेवोर्ग चा केवोर्क. देवनागरीत लिहिलं की हा फरक आपल्याला लगेच दिसतो कारण आपल्याकडे क-ग, त-द, प-ब शेजारी-शेजारीच आहेत, पण इंग्रजी स्पेलिंगमध्ये टाकलेला डेटाबेस कारापेत्यान आणि गराबेदियान यांना दोन वेगळी घराणी समजतो, पहिलं अक्षरच वेगळं ना.

तिसरं रशियन. रशियन भाषेत ह हा आवाज नाही, त्यामुळे होव्हान्नेस चा ओगानेस किंवा ओव्हानेस होतो, हारुत्युन चा अरुत्युन, हाकोब चा अकोप. झारच्या काळात कित्येकांच्या आडनावांना "ओव्ह" शेपूट लागलं, समुद्राची चित्रं काढणारे आयवाझोव्स्की हे मूळचे होव्हान्नेस आयवाझ्यान. आणि चौथं म्हणजे लाडाची रूपं, होव्हान्नेस चा ओहान, हारुत्युन चा आर्तिन, खाचातुर चा खाचिक, कारापेत चा कारो किंवा गारो, आणि आडनाव या लाडाच्या रूपावरून पण बनतं. ओहानियान आणि होव्हान्निस्यान मुळात एकाच नावाची लेकरं आहेत.

हे फक्त तिकडचं नाही. मुंबईत फोर्टमध्ये मेडोज स्ट्रीटला, आताच्या नगीनदास मास्टर रोडवर, १७९६ चं अर्मेनियन चर्च आहे, आणि सुरत-मुंबई-मद्रास-कलकत्ता या व्यापारी अर्मेनियन लोकांच्या नावांत हेच सगळं दिसतं, फक्त इंग्रजांच्या कानातून गाळून आलेलं. अराथून म्हणजे हारुत्युन, कॅरापिएट म्हणजे कारापेत, कॅचिक म्हणजे खाचिक. बऱ्याच जणांनी "यान" टाकूनच दिलं आणि बापाचं किंवा आजोबांचं नुसतं नाव आडनाव म्हणून लावलं. हाँगकाँगचे मोठे उद्योजक पॉल चेटर १८४६ मध्ये कलकत्त्यात जन्मले, त्यांच्या "चेटर" मागे अस्त्वात्सातुर, देवाने दिलेला, हे नाव आहे. सिंगापूरचं राष्ट्रीय फूल १९८१ मध्ये ठरलं ते ज्या अ‍ॅग्नेस जोकिम यांच्या नावाचं ऑर्किड, त्या अश्खेन होव्हाकिम्यान. मला या विषयाची ओढ लागली ती या आपल्याकडच्या नावांमुळेच.

समोर असलेले पर्याय

अनुशबाई, त्यांचा चुलतभाऊ आणि मी असे बसलो तेव्हा चार रस्ते दिसत होते.

पहिला, ओहानियान हेच धरून स्पेलिंगचं जाळं मोठं करायचं, ओहान्यान, ओगान्यान, होव्हान्निस्यान, ओगानेस्यान वगैरे. दुसरा, डीएनए. चुलतभावाचं म्हणणं हेच होतं, रक्त खोटं बोलत नाही, कागद बोलतो. त्याचं चूक नव्हतं, पण डीएनएला समोरच्या बाजूने पण कोणीतरी टेस्ट केलेली असावी लागते, आणि अर्मेनियात राहणाऱ्यांपैकी फार लोक या अमेरिकन कंपन्यांच्या डेटाबेसमध्ये नसतात. तिसरा रस्ता म्हणजे अर्मेनियाची राजधानी येरेवान, तिथे माणूस धरून १९४६ ते १९४९ मध्ये परदेशातून सोव्हिएत अर्मेनियात परतलेल्यांच्या याद्या बघायच्या, त्या काळात नव्वद हजार ते लाखभर लोक तिकडे गेले होते आणि आजोबांच्या बोलण्यात एकदा "आर्तिन रशियाला गेला म्हणतात" असं आलं होतं. पण याद्या बघायच्या कुठल्या आडनावाने?

चौथा रस्ता मी सुचवला. आडनाव पूर्ण बाजूला ठेवायचं. एक तक्ता करायचा, त्यात माणसाचं नाव, बापाचं नाव, आजोबांचं नाव, आईचं नाव, गाव, धंदा, आणि मुलांची नावं. आपल्याकडे जसं मधे वडिलांचं नाव येतं आणि तेवढ्यावरून गावातला म्हातारा "अच्छा, अमक्याचा तू" म्हणतो, तसंच इथे शोधायचं, कारण अर्मेनियन आडनाव हे मुळात बापाच्या किंवा आजोबांच्या नावाचा गोठलेला तुकडा आहे आणि तो कुठल्या पिढीत गोठला हे भावाभावांत वेगळं असू शकतं. अनुशबाईंना हे आधी पटलं नाही. त्या म्हणाल्या, सख्ख्या भावांची आडनावं वेगळी कशी असतील? मी त्यांना विचारलं, अनाथाश्रमात सहा-सात वर्षांच्या पोराला आडनाव कोणी विचारलं असेल आणि त्याने काय सांगितलं असेल? तो म्हणणार मी ओहानचा. लिहिणाऱ्याने लिहिलं ओहानियान.

यावर त्या बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या करू या.

पहिला निर्णय : आत्याला विचारायचं की नाही

या निर्णयावर सगळ्यात जास्त चर्चा झाली आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच.

बेद्रोसची एक मुलगी, अनुशबाईंची आत्या, ऐंशीच्या पुढची, बैरूतमध्येच राहते. घरात अलिखित नियम होता की आत्यासमोर त्या वर्षांचा विषय काढायचा नाही, वडिलांच्या रात्रीच्या ओरडण्याने ती लहानपणी जागी व्हायची, तिला त्रास होतो. चुलतभाऊ ठाम होता, विचारायचंच नाही. अनुशबाईंना वाटत होतं की ती गेली की सगळंच गेलं.

शेवटी ठरलं असं, विचारायचं पण फक्त नावं. काय झालं, कोण कसं मेलं, कोणी मारलं, यातलं काही नाही. फक्त घरात कोणाचं नाव कोणावरून ठेवलं. आणि फोन अनुशबाईंनीच करायचा, मी त्या फोनवर नसणार.

आत्या खुशीत बोलली म्हणे, तासभर. तिचं स्वतःचं नाव येघसापेत, आजीवरून. तिच्या मोठ्या भावाचं, म्हणजे अनुशबाईंच्या वडिलांचं नाव होव्हान्नेस, आजोबांवरून, "थोरल्या मुलाला आजोबांचंच नाव, दुसरं कसं चालेल". आणि होव्हान्नेसचे वडील कोण? उस्ता गराबेद, लोहार. उस्ता म्हणजे कारागीर, उस्ताद. शेवटी ती म्हणाली की एक मुलगी पण होती, वडिलांची बहीण, वाटेत गेली, तिचं नाव शुशान. हे अनुशबाईंना स्वतःला माहिती नव्हतं. हे शुशान नाव आम्ही तक्त्यात लिहिलं पण बाहेर कोणाला सांगायचं नाही असं तेव्हाच ठरवलं, याचा उपयोग पुढे झाला. त्याच आठवड्यात आत्याच्या लाळेचा नमुना पण डीएनएसाठी घेतला, तिची संमती घेऊन, कारण ती एक पिढी जवळची.

दुसरा निर्णय : कुठली आडनावं शोधायची

आता तक्त्यात दम आला. बापावरून शोधायचं तर ओहानियान, होव्हान्निस्यान. आजोबांवरून तर गराबेदियान, कारापेत्यान. धंद्यावरून तर देमिर्जियान, किंवा कोणी शुद्ध अर्मेनियन शब्द वापरला असेल तर दार्बिन्यान, तोही लोहाराचाच.

जुन्या परदेशस्थ अर्मेनियन वर्तमानपत्रांमध्ये, १९२० च्या दशकात, नातेवाईकांना शोधणाऱ्यांच्या जाहिराती यायच्या. या जाहिराती वाचताना छातीवर दगड ठेवावा लागतो. पण शोधणाऱ्यासाठी त्या सोन्यासारख्या कारण त्यात लोक नेमकं तेच लिहायचे जे आम्हाला हवं होतं, नाव, बापाचं नाव, गाव. अनुशबाईंनी स्कॅन केलेले अंक ओहानियानवरून आधीही चाळले होते. या वेळी गावाच्या नावावरून चाळले. आणि सापडलं. त्याचा आशय असा, अमुक गावचा, उस्ता गराबेदच्या होव्हान्नेसचा मुलगा आर्तिन, आपले भाऊ क्रिकोर आणि बेद्रोस यांचा शोध घेत आहे, माहिती असल्यास अलेप्पोला कळवावे. खाली नाव, आर्तिन गराबेदियान.

धाकटा त्या वेळी लेबनॉनमध्ये अनाथाश्रमात होता, मधला अलेप्पोत, मधे फार अंतर नाही. मधला शोधत होता आणि ज्याच्या हातात तो अंक पडला असेल त्या प्रत्येकाच्या लेखी आश्रमातला तो मुलगा ओहानियान होता. अनुशबाई ते पान वाचून दाखवत होत्या आणि मधेच त्यांना वाचवेना. त्या दिवशी आम्ही पुढे काही केलं नाही.

तिसरा निर्णय : येरेवानचे दोन हारुत्युन कारापेत्यान

आर्तिन गराबेदियान सोव्हिएत अर्मेनियात गेला असेल तर तिथे तो हारुत्युन कारापेत्यान झाला असणार, उच्चार पूर्वेकडचा आणि शेपूट पण वेगळं लिहिलेलं, कारण १९२२ मध्ये सोव्हिएत अर्मेनियाने शुद्धलेखन बदललं आणि बाहेरच्यांनी ते स्वीकारलं नाही. तिकडच्या एका ओळखीच्या संशोधक बाईंनी परतलेल्यांची कागदपत्रं तपासली आणि वयाने जुळणारे दोन जण काढले.

एक, हारुत्युन कारापेत्यान, बापाचं नाव कारापेत, जन्म खारबेर्द. दुसरा, हारुत्युन कारापेत्यान, बापाचं नाव होव्हान्नेस, जन्मगाव मलात्या (खारबेर्दच्याच बाजूचं दुसरं शहर).

चुलतभावाचा कल पहिल्याकडे, गाव जुळतंय, आणि बापाचं नाव कोणी कारकुनाने आडनावावरून ठोकून दिलं असेल, असं होतंच. हा मुद्दा खोडण्यासारखा नव्हता. माझा कल दुसऱ्याकडे, कारण आलेल्यांना त्यांच्या जुन्या गावांच्या नावाने वसवलेल्या वस्त्यांमध्ये जागा मिळायच्या, नोर मलात्या, नोर आराबकिर, नोर खारबेर्द वगैरे ("नोर" म्हणजे नवं), आणि मलात्या वस्तीत राहणाऱ्याच्या कागदावर मलात्या चढणं अगदी शक्य आहे. पण कलावर निर्णय करायचा नाही असं ठरलं. दोघांच्या मुलांची नावं मागवली. पहिल्याची तिग्रान, अनाहित, वार्दान. दुसऱ्याची होव्हान्नेस, येघसापेत, पेत्रोस.

थोरल्याला आजोबांचं नाव, मुलीला आजीचं, आणि धाकट्याला हरवलेल्या भावाचं.

शिवाय दुसऱ्याचं आणखी एक कागदपत्र निघालं. जून १९४९ मध्ये हजारो अर्मेनियन कुटुंबांना सैबेरियात अल्ताईला हद्दपार केलं गेलं, त्यात परदेशातून आलेले बरेच होते आणि हे घर पण त्यात होतं. आधीच एकदा सगळं हरवलेला माणूस, त्याला पुन्हा रेल्वेच्या डब्यात घातला. त्या रशियन यादीत त्याचं नाव अरुत्युन ओगानेसोविच कारापेत्यान असं पूर्ण लिहिलेलं आहे, रशियन पद्धतीत बापाचं नाव मधे लिहावंच लागतं. आजोबा आणि बाप दोघांची नावं एकाच ओळीत, तेही त्या यादीत.

चौथा निर्णय : पहिला निरोप कसा पाठवायचा

दुसऱ्या हारुत्युनची नात येरेवानमध्ये सापडली. चुलतभाऊ म्हणाला इंग्रजीत छोटा मेसेज टाकू. अनुशबाईंना पश्चिमी अर्मेनियनमध्येच लिहायचं होतं, आजोबा बोलायचे तशी, ती भाषा त्या घरातही आजोबांच्या तोंडून ऐकलेली असणार म्हणून. तसंच केलं. पत्रात आडनाव कुठेच घातलं नाही, फक्त एवढंच की माझे आजोबा बेद्रोस, होव्हान्नेसचे मुलगे, उस्ता गराबेदचे नातू, भाऊ क्रिकोर आणि आर्तिन, आई येघसापेत. शुशान मुद्दाम लिहिली नाही. सोबत जाहिरातीचं कात्रणही पाठवलं नाही. आपण सगळं सांगून टाकलं तर समोरचा आनंदाच्या भरात सगळ्याला हो म्हणतो, आणि मग खरं काय ते कधीच कळत नाही.

काही दिवस उत्तर नाही. मग व्हॉइस मेसेज आला, त्या नातीच्या वडिलांचा, पेत्रोस यांचा. त्यांनी सांगितलं की वडील गावाला जाताना दर वेळी चर्चमध्ये चार मेणबत्त्या लावायचे, आई-बाप, आणि "शुशानिक बहिणीसाठी एक, आणि भाऊ जिवंत असले तर त्यांच्यासाठी एक".

अनुशबाईंनी मला तो मेसेज पुढे पाठवला, खाली फक्त "शुशान" लिहिलं होतं.

निकाल

येरेवानच्या पेत्रोस यांनी नंतर डीएनए टेस्ट केली. बैरूतची आत्या आणि ते चुलत भावंडं असणार असा आमचा हिशोब होता आणि आकडा पहिल्या पिढीच्या चुलत भावंडांना शोभेल असाच आला. म्हणजे कागद, नावं आणि रक्त तिन्ही एका बाजूला. दोघे मूळ भाऊ मात्र एकमेकांना न भेटता कधीच गेले होते.

मग तरुण मंडळींनी विषय काढला की आता सगळ्यांनी एकच आडनाव लावावं. कुठलं, यावर दोन्हीकडच्या फोनवर बरीच हौसेने चर्चा झाली. काहींचं म्हणणं गराबेदियान, ते सगळ्यात वरचं. कायदेशीर बाजू मी समोर ठेवली, तीन देशांत कागद बदलायचे, घरं, पेन्शन, मुलांच्या पदव्या, आणि पुढच्या शोधणाऱ्याला आणखी एक खड्डा. पण निर्णय झाला तो वेगळ्याच कारणाने. अनुशबाई म्हणाल्या, माझ्या पणजोबांना थडगं नाही, फोटो नाही, त्यांचं नाव एका जागी लिहिलेलं आहे आणि ती जागा म्हणजे माझं आडनाव, ते मी काढणार नाही. तिकडून पेत्रोस म्हणाले, बरोबर, बापाचं नाव तुमच्याकडे राहू दे, आजोबांचं आमच्याकडे. मला हे मनापासून पटलं.

हे पुन्हा करायचं झालं तर काय वेगळं करता येईल

आत्याचा फोन सगळ्यात आधी व्हायला हवा. डेटाबेस कुठे पळून जात नाहीत, ऐंशीच्या पुढची माणसं जातात. आणि तिला विचारताना फक्त नावं विचारायची ही मर्यादा ठेवली ती मी कुठल्याही अशा घराला सुचवीन, कारण ती मर्यादा होती म्हणूनच ती मोकळेपणी बोलली असं मला वाटतं.

आईच्या माहेरचं काहीच हाताशी नाही, ही या शोधातली मोठी पोकळी आहे. अर्मेनियन आडनावं जवळपास सगळी पुरुषांच्या नावांवरून, स्त्रीच्या नावावरून बनलेली (शुशानियान सारखी) फार थोडी, त्यामुळे येघसापेत कोणाची मुलगी हे कुठल्याच कागदात आपोआप येत नाही. आत्याला ते विचारायचं राहिलं, आता ती विसरायला लागली आहे.

स्पेलिंग "दुरुस्त" करण्याचा मोह टाळायला हवा. चुलतभावाने घरच्या झाडात सगळीकडे एकसारखं ओहानियान करून टाकलं होतं, चांगल्या हेतूनेच, पण त्यात अनाथाश्रमाच्या रजिस्टरवरचं मूळ "ओहान" पुसलं गेलं होतं, ते परत काढायला वेळ गेला. प्रत्येक कागदावर जसं आहे तसं लिहायचं आणि शेजारच्या रकान्यात पूर्वेकडचं, पश्चिमेकडचं, रशियन आणि लाडाचं अशी चारही रूपं ठेवायची.

आणि क्रिकोर. थोरल्या भावाला नेणारा नातेवाईक लोहारकाम करायचा, त्यामुळे तो देमिर्जियान म्हणून गेला, हे येरेवानच्या घरात माहिती होतं, आर्तिनला १९३० च्या दशकात फ्रान्समधल्या मार्सेयहून त्याचं एक पत्र आलं होतं असं ते सांगतात. पत्र अल्ताईला नेताना हरवलं. सध्या आम्ही मार्सेयच्या अर्मेनियन चर्चची लग्न आणि बाप्तिस्म्याची रजिस्टरं बघतोय, देमिर्जियान बघतोच, फ्रेंच पद्धतीने लिहिलेलं पण, मात्र आधी बघतोय ती नावं, क्रिकोर किंवा ग्रेग्वार नावाचा बाप, आणि मुलांमध्ये होव्हान्नेस, येघसापेत, आर्तिन, बेद्रोस, शुशान. आतापर्यंत दोन घरं अर्धवट जुळली आहेत, एकात होव्हान्नेस आहे पण आईचं नाव लागत नाही, दुसऱ्यात शुशान आहे आणि बापाचं पान फाटलेलं आहे. दुसऱ्या घराला अनुशबाईंनी या महिन्यात पत्र लिहिलंय, पुन्हा आडनाव न घालता, आणि या वेळी येघसापेतचं नाव मागे ठेवलंय.